भेगेवरची काच

मी भित्री आहे, आणि माझी नोकरी पडायला आलेल्या इमारती बघायची आहे. या दोन गोष्टी एका माणसात कशा आल्या याचं उत्तर साधं आहे. डिप्लोमा सिव्हिलचा झाला, सरकारी नोकरी लागली, आणि तिथे टेबल आपण निवडत नाही. बाबांनी अंबरनाथच्या एमआयडीसीत जन्म काढला. मुलीला लोक ‘इंजिनियर मॅडम’ म्हणतात याचा त्यांना एवढा आनंद होता, की जुना जिना चढायची मला भीती वाटते हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावं एकमेकांना खेटून आहेत आणि घाईघाईत उभे राहिलेले म्हातारे स्लॅब सगळीकडे सारखेच आहेत. मी आईबरोबर अंबरनाथ पूर्वेला राहते. ज्या इमारतीबद्दल सांगायचंय ती उल्हासनगरच्या कॅम्पाच्या बाजूला होती, एवढं पुरे.

कागदावर इमारत धोकादायक असते किंवा नसते. असली तर रिकामी करायची, पाणी तोडायचं, दाराला सील लावायचं, सगळं लिहिलेलं आहे. पण जी इमारत आज उभी आहे आणि उद्याचं काही सांगता येत नाही, तिच्यासाठी काय करायचं हे कुठेच नाही. आणि आमच्याकडच्या निम्म्या इमारती तशाच. त्यांच्यासाठी साहेबांकडे एक वाक्य आहे, ‘तुमच्या पातळीवर बघा.’ याचा अर्थ नोकरीत मुरलेल्या माणसाला लगेच कळतो. जमलं तर ऑफिसने केलं, फसलं तर मॅडमनी केलं. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते, पण चीड गिळून मी ‘तुमच्या पातळीवर’ बघायला निघते, कारण माझ्या खाली आणखी कुठली पातळी नाही.

ही इमारत चार मजली. तळाला जीन्स शिवायचा कारखाना, वर कुटुंबं, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि टाक्यांच्या मधल्या जागेत वाळत घातलेले पापड. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये तुळईला एक भेग गेली होती. भेग म्हटलं की लोकांना वाटतं मोठीच्या मोठी असणार. ही बोटाच्या नखाएवढीही रुंद नव्हती. पण ती तिरपी होती, आणि तिरप्या भेगेची मला जास्त भीती वाटते. इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट करून घ्या म्हणून नोटिसा गेल्या होत्या. एका नोटिशीवर दूधवाल्याचं कॅलेंडर चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं. भेग मोजायचं यंत्र मी ऑफिसात मागितलं होतं, ते अजून मागणीतच अडकलं होतं. साहेबांना विचारलं, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मग मला कॉलेजातली एक जुनी गोष्ट आठवली. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की बसवायची. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते, आणि आपल्याला कळतं की इमारत हलते आहे. बाजारात लग्नाच्या आणि देवांच्या फोटोंना फ्रेम करून देणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडून वीतभर लांबीच्या पट्ट्या कापून घेतल्या. तुळईवर एक बसवली, प्लास्टरवर मार्करने तारीख टाकली, सही केली. खाली जमलेल्या लोकांना सांगितलं की ही काच फुटली की मला लगेच फोन करायचा, कारण मग इथे ‘धोकादायक इमारत’ असा लाल बोर्ड लागेल.

हे सगळं सर्वांत नीट ऐकलं ते समोरच्याच खोलीतल्या आंटीने. ही बाई एकटी राहायची, पापड लाटून विकायची, आणि अख्खी इमारत तिच्या शब्दाबाहेर नव्हती. फाळणीनंतर कॅम्प नुसता निर्वासितांच्या बराकींचा होता तेव्हा तिचे सासरे इथे आले, असं ती सांगायची. मी काच बघायला गेले की ती स्टूल द्यायची, पाणी द्यायची, भाजलेला पापड द्यायची. मी स्टुलावर चढायचे, टॉर्च मारायचे, काच धड आहे बघून उतरायचे. उतरल्यावर मी आधी तुळईखालून बाजूला व्हायचे ते तिला दिसायचं. ती हसून म्हणायची की मॅडम सरकारी आणि घाबरते आमच्यापेक्षा जास्त.

महिन्यामागून महिने काच धड राहिली. मी अहवालात ‘काच सुस्थितीत’ असं लिहायचे. साहेब खूश झाले. खर्च नाही, गडबड नाही, आणि बैठकीत सांगायला काहीतरी आहे. त्यांनी तोंडीच सांगितलं की बाकीच्या इमारतींनाही हेच करा. अशा तऱ्हेने फोटोफ्रेमवाल्याच्या दुकानात सुचलेली गोष्ट आमच्या ऑफिसची पद्धत झाली. लोक समजतात की धोरणं कुठेतरी मोठ्या टेबलावर ठरतात. ठरतही असतील. मी पाहिलेली सगळी अशीच कुणाच्या तरी घाबरटपणातून निघाली आणि चालली म्हणून राहिली.

एक उरलेली पट्टी मी घरीही बसवली. आमची बिल्डिंग काही फार तरुण नाही, आणि स्वयंपाकघरात माळ्याच्या वर एक बारीक रेघ होती. आई म्हणाली की ऑफिस घरी आणू नकोस. पण मी बसवली. घरी तारीख, सही कोण करतं, नुसतीच बसवली. रोज सकाळी उठलं की आधी ती काच बघायची आणि मग ब्रश करायचा, ही माझी सवय झाली.

मग थंडीतली ती सकाळ. दुसऱ्या एका इमारतीसाठी पट्ट्या हव्या होत्या म्हणून मी फ्रेमवाल्याकडे गेले. मी तोंड उघडायच्या आधीच त्याने काउंटरखालून कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या काढल्या.

“तुमचा साइज कापूनच ठेवतो मॅडम. तुमच्या त्या बिल्डिंगवाले नेतात ना सारखे.”

कुठले बिल्डिंगवाले, मी विचारलं. तो म्हणाला, ते पापडवाल्या आंटीचे. मला वाटतं मी पट्ट्या तिथेच काउंटरवर टाकल्या. रिक्षात बसल्याचं आठवतं, पण भाडं दिल्याचं आठवत नाही. सगळ्या रस्ताभर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. काच फुटल्याशिवाय कुणी नवी काच नेत नाही.

जिना चढताना मी नेहमी भिंतीकडे बघते. त्या दिवशी खाली बघत गेले, आणि जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. दुसऱ्या मजल्यावर एका दारापाशी लाकडाचा भुसा पडला होता. दार चौकटीत बसेना म्हणून सुताराकडून घासून घेतलं होतं. शेजारच्या दाराच्या कडेला घासल्याची ताजी, पांढरी पट्टी. दारं फुगत नाहीत थंडीत. चौकटी वाकतात म्हणून दारं अडतात. मी कठड्याला धरून उभी राहिले. खालून शिलाई मशीनचा घरघराट येत होता आणि कठडा माझ्या हाताखाली हलत होता, मशीनमुळे की दुसऱ्या कशाने, मला कळेना.

तिसऱ्या मजल्यावर काच होती तशी धड होती. टॉर्च जवळ नेला. प्लास्टर नवं होतं, अजून थोडं ओलसर. त्यावर माझी पहिल्या दिवशीची तारीख होती आणि खाली माझी सही होती, शेवटच्या अक्षराच्या फाट्यासकट. या गावात कुठल्याही वस्तूची हुबेहूब दुसरी मिळते असं आम्ही चेष्टेने म्हणतो. माझी सहीसुद्धा मिळेल हे मला सुचलं नव्हतं. काचेच्या मागे भेग आता माझ्या करंगळीएवढी झाली होती.

आंटी दारात उभी होती. ती लपवायच्या भानगडीत पडली नाही.

“बेटा, काच फुटली की तू बोर्ड लावणार. बोर्ड लागला की आम्ही रोडवर. म्हणून काच आम्ही फुटूच दिली नाय.”

किती वेळा बदलली, मी विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. पहिल्यांदा दिवाळीच्या आधी. मग महिन्याने एकदा. आता दर आठवड्याला. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, घर सांभाळल्याचा. आणि मी तिच्यावर ओरडणार तेवढ्यात मला वाटलं, हिने माझ्यापेक्षा वेगळं काय केलं? मी इमारतीकडे बघायचं सोडून काचेकडे बघत होते, ऑफिस माझ्या अहवालाकडे बघत होतं, आणि ही बाई आमच्या सगळ्यांसाठी काच धड ठेवत होती. पण विचार करायला ती जागा नव्हती. डोक्यावर ती तुळई होती, तुळईवर आणखी एक मजला होता आणि त्याच्यावर पाण्याने भरलेल्या टाक्या.

साहेबांना फोन लावला. ते ठाण्याला बैठकीत होते. हळू आवाजात म्हणाले की लेखी आदेश संध्याकाळपर्यंत निघेल, पोलीस बंदोबस्त उद्या मिळेल, तोवर तुमच्या पातळीवर बघा, आणि पॅनिक करू नका. मी फोन खिशात टाकला. मी पॅनिकच होते. पाय म्हणत होते, पळ. खरं सांगते, मी दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. मग आंटीच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. या बायका आत्ता दुपारचा भात लावून बसल्या आहेत हे लक्षात आलं, आणि मी परत वर चढले.

कारखान्यातली मशीनं पहिली बंद केली. कारागीर बाहेरगावचे, त्यांना हे घर नव्हतं, ते लगेच बाहेर पडले. टाक्या रिकाम्या करायला नळ सोडून दिले. पण कुटुंबं हलेनात. मी दारोदार जाऊन सांगत होते की इमारत पडेल. ते ऐकत होते, घाबरतही होते, आणि तरी उंबऱ्याच्या आतच उभे होते. त्यांची भीती माझ्या भीतीपेक्षा मोठी होती. एकदा बाहेर पडलं आणि सरकारी सील लागलं, की परत आत कोण येऊ देणार? पुढे नवीन इमारत झाली तर इथे आम्ही राहत होतो हे कोण सांगणार? बाजूच्या गल्लीतले लोक असेच तात्पुरते म्हणून निघाले होते आणि अजून तात्पुरतेच आहेत. एक माणूस मला म्हणाला की स्लॅब पडला तर एकदाच मरू. त्याची मुलगी त्याच्या मागे शाळेच्या गणवेशात उभी होती.

तेव्हा मला जे सुचलं ते कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. मी म्हटलं, सील लावणार नाही. तुमचं कुलूप तुम्ही लावा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. आणि प्रत्येक कुटुंबाचा तुमच्याच दारात उभं करून मी माझ्या फोनवर फोटो काढते, मागे तुमचं घर दिसेल असा. तो तुम्हालाही पाठवते, ऑफिसलाही पाठवते. तुम्ही इथे राहत होता याला मी साक्षी आहे. असं वचन द्यायचा मला अधिकार नव्हता. पण ‘फोटो’ म्हटल्यावर दारं हलली.

आणि मग माझ्या आयुष्यातला सर्वांत भयंकर तास सुरू झाला, कारण फोटो काढायला वेळ लागतो. बायका केस सारखे करत होत्या. कुणी देवाची तसबीर आणायला आत जात होतं, कुणी म्हाताऱ्याला खुर्चीसकट दारात आणत होतं. मी त्या जिन्यात उभी, भिंतीला पाठ न टेकवता, आणि वरून माझ्या खांद्यावर बारीक वाळू पडत होती. मी ती झटकली नाही, त्यांना दिसेल म्हणून. फोटो काढला की ते फोन हातात घेऊन बघायचे. हलला असला तर म्हणायचे, मॅडम, परत. आणि माझे हात असे थरथरत होते की निम्मे हलतच होते. मी परत काढत होते. “छान आलाय” म्हणत होते. आजही कुणी “फोटो काढ” म्हटलं की मी फोन दुसऱ्याच्या हातात देते.

आंटी सर्वांत शेवटी निघाली. कपाळावर पदर घेऊन ती दारात उभी राहिली, पापडाचं लाटणं हातात. मी फोन धरला.

“घर दिसतंय ना पूर्ण?” तिने विचारलं.

दिसतंय, मी म्हणाले. तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मी तिच्या दंडाला धरून जवळजवळ खेचतच खाली आणलं. पुढच्या गल्लीतल्या लग्नाच्या हॉलवाल्याने हॉल उघडून दिला होता. कागद नव्हता, मागितलाही नाही त्याने. संध्याकाळी लेखी आदेश आला. त्यात लिहिलं होतं की परिस्थितीचे अवलोकन करून योग्य ती कार्यवाही करावी.

दोन दिवस इमारत तशीच उभी होती. ते दोन दिवस लोक मला हसले, मग चिडले, आणि मी मनातल्या मनात त्या इमारतीला पड, पड म्हणत होते. असा विचार करणाऱ्या बाईची मला भीती वाटली. मग भर दुपारी तिसऱ्या मजल्याचा पॅसेज खाली आला, खालचे मजले घेऊन, थेट शिलाईच्या टेबलांवर. आत कुणी नव्हतं. धूळ खाली बसल्यावर आंटी हॉलच्या पायरीवर किल्ली मुठीत धरून नुसती बघत बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने सरकून जागा दिली.

ऑफिसने मला खुलासा विचारला की सील न लावता खासगी कुलपं कोणाच्या अधिकारात लावू दिली. मी खुलासा दिला. त्याच महिन्यात साहेबांनी सगळ्यांना तोंडी सांगितलं की इमारत रिकामी करताना ते दारातल्या फोटोचं बघा, लोक लवकर निघतात. काचेसारखीच तीही पद्धत झाली. मला शाबासकी नको होती. मला झोप हवी होती, आणि ती गेली होती. घरी पंखा सुरू झाला तरी मी वर बघायचे. आईला सगळं सांगितलं होतं, आंटीचं, नव्या काचेचं, खोट्या सहीचं, पुन्हा पुन्हा. ती भाजी निवडत ऐकायची. माळ्यावरची आमची काच धड होती. रोज सकाळी ती बघितली की धीर यायचा. तेवढ्याच एका गोष्टीवर माझा दिवस उभा होता.

परवाच्या रविवारी सकाळी मी पुढच्या खोलीत धूळ पुसत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याशेजारी बाबांचा फोटो. तसबीर पुसली आणि बाबांच्या चेहऱ्यावरून फडकं फिरवलं, तर ते कागदाला लागलं. फ्रेमला काच नव्हती.

मी तशीच फडकं हातात घेऊन उभी राहिले. मग स्वयंपाकघरात गेले, स्टूल ओढलं, चढले. काच धड होती, स्वच्छ होती, आणि प्लास्टर माझं नव्हतं. माझं मी थापीने सारखं करते. हे बोटांनी थापलेलं होतं, भाकरीसारखं.

आई चहा गाळत होती. तिने वर बघितलं आणि गाळणी खाली ठेवली.

“तू घाबरून घाबरून अर्धी झालीस,” ती म्हणाली. “उठलीस की आधी ती भिंत बघतेस, मग माझ्याकडे. म्हटलं, काच नीट असली की चहा तरी सुखाने पिशील.”

कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली की तुझी ती बिल्डिंग पडली त्यानंतर थोड्या दिवसांनी ही काच पहिल्यांदा फुटली. बाबांच्या फोटोची काच काढून कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून तिच्या पट्ट्या कापून आणल्या. घरचीच काच आहे, त्यांचीच, विकत कशाला आणायची. “अजून दोन आहेत,” ती म्हणाली, आणि फडताळाकडे बोट दाखवलं, मला धीर द्यावा तसं.

मी स्टुलावरून उतरले. स्वयंपाकघराचं दार लोटून बघितलं, ते चौकटीला अडलं. मी गॅस बंद केला. आईला म्हणाले, चप्पल घाल, कुलूप घे. खालच्या मजल्यावरच्यांना, वरच्यांना हाका मारायला जायचंय, पण आधी तू बाहेर हो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. दारोदार फिरतानाचा होता तो.

आई वाद घालत बसली नाही. तिने भिंतीवरून बाबांचा फोटो काढला, पदराने पुसला आणि चप्पल घालून उंबऱ्याबाहेर गेली. मला वाटलं आता उतरेल. पण ती वळली, दारात नीट उभी राहिली, आणि फ्रेम छातीशी धरली.

“काढ,” ती म्हणाली. “मागे घर दिसू दे.”

मी फोन धरला. फोटो हलला होता. दुसरा काढायला मी थांबले नाही.